औषधाचे चित्र आणि रोगाचे चित्र : छिन्नमनस्कतेवरील औषधांच्या मेंदू-चित्रणाची एक चिकित्सा

१

छिन्नमनस्कतेवरील औषध जिवंत माणसाच्या मेंदूत नेमके काय करते, हे मोजता येऊ लागले ही मानसचिकित्सेच्या अलीकडच्या इतिहासातील एक मोठी घटना होय. त्यापूर्वी औषधाचा परिणाम दोनच मार्गांनी कळत असे : एक, रुग्णाच्या वागण्याबोलण्यावरून, आणि दुसरा, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेंदूवरून. या दोहोंमधील दरी मेंदू-चित्रणाने भरून काढली, असे सामान्यतः म्हटले जाते. हे म्हणणे निराधार नाही. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आहे आणि कोणत्या अर्थाने नाही, याचा निवाडा केल्यावाचून ते जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे आहे.

याचे कारण असे की, चित्राला एक स्वयंभू अधिकार असतो. कोष्टकातील आकड्याविषयी वाचक शंका घेतो. पण मेंदूच्या छेदावर लाल-पिवळ्या रंगांत उजळलेला भाग दिसला, की प्रत्यक्ष दर्शन घडल्यासारखे वाटून त्याची शंका मावळते. वस्तुतः तो रंगही आकड्यांचाच झालेला असतो आणि ते आकडे अनेक गृहीतकांच्या चाळणीतून आलेले असतात. यास्तव या क्षेत्रातील संशोधनाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न एकमेकांपासून अलग ठेवणे आवश्यक ठरते. औषध मेंदूत कोठे व किती प्रमाणात पोहोचते, हा पहिला प्रश्न. रोगाचे मूळ मेंदूत कोठे आहे, हा दुसरा. आणि दीर्घकाळ घेतलेल्या औषधाने मेंदू स्वतःच बदलतो काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेंदू-चित्रणाने पुष्कळच समाधानकारक रीतीने दिले आहे. दुसऱ्याचे अर्धवट दिले आहे. तिसऱ्याचे अद्याप वादग्रस्त आहे. पहिल्या उत्तराची खात्री उरलेल्या दोन उत्तरांना उसनी दिली जाते, हाच या विषयावरील लेखनाचा मुख्य दोष होय.

२

या क्षेत्रात औषध आधी आले आणि उपपत्ती मागाहून आली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. क्लोरप्रोमाझिन हे द्रव्य पॉल शार्पांतिये यांनी १९५० च्या डिसेंबरात फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केले. आंरी लाबोरी यांनी ते शस्त्रक्रियेच्या प्रसंगी वापरून पाहिले, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झां दले व प्येर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले. रुग्णांना ऐकू येणारे भासमय आवाज व त्यांचा क्षोभ शमू लागला. परंतु तो का शमतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतून १९५८ मध्ये बाहेर पडलेल्या हॅलोपेरिडॉलची कथाही याहून फार वेगळी नाही.

कारणाचा धागा सापडला तो एका अनपेक्षित दिशेने, आणि त्याचे एक टोक भारतात आहे. सर्पगंधेचा उन्मादावर उपयोग होतो, हे आयुर्वेदीय परंपरेतील ज्ञान कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत मांडले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये याच वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकातून प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचे तिच्याकडे लक्ष वेधले. तिच्यापासून वेगळे काढलेले रेसरपिन हे द्रव्य प्राण्यांना दिले असता ते निश्चल होतात, आणि डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले की पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. पुढे १९६३ मध्ये कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांना असे आढळले की, क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन घटत नाही; उलट त्याच्या विघटनातून निर्माण होणारी द्रव्ये मात्र वाढतात. यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की ही औषधे डोपामिनचा साठा रिकामा करीत नसून डोपामिन जेथे जाऊन बसते ती स्थाने, म्हणजे ग्राही, अडवून धरीत असावीत; आणि अडथळा आल्यामुळे मज्जापेशी अधिकच डोपामिन सोडीत असाव्यात.

या अनुमानाला बळकटी आली ती १९७५-७६ च्या सुमारास. टोरांटो येथे फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोर येथे सॉलोमन स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या मेंदूतील ऊतींवर प्रयोग केले. जे औषध डोपामिनच्या ग्राहीला अधिक घट्ट चिकटते त्याची रोज लागणारी मात्रा कमी असते, आणि जे सैल चिकटते त्याची मात्रा अधिक असते, असा सुसूत्र संबंध त्यांना आढळला. या ग्राहीला पुढे डी-२ हे नाव रूढ झाले.

हा शोध महत्त्वाचा खरा. परंतु त्यातून काढण्यात आलेला एक निष्कर्ष तर्कदृष्ट्या सदोष होता. डोपामिनचे ग्राही अडवल्याने लक्षणे कमी होतात, यास्तव डोपामिनचा अतिरेक हेच रोगाचे कारण होय, असे म्हटले जाऊ लागले. पाण्याने आग विझते, एवढ्यावरून पाण्याचा अभाव हे आगीचे कारण ठरत नाही. उपायाच्या यंत्रणेवरून विकाराच्या यंत्रणेविषयी शंका घेता येते. सिद्धांत मांडता येत नाही. तो मांडावयाचा तर रुग्णाच्याच मेंदूकडे पाहणे भाग होते. मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी येथे पुरेशी नव्हती. कारण त्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यभर हीच औषधे घेतलेली असत, आणि आढळलेला बदल रोगाचा की औषधाचा, हे सांगता येत नसे.

३

ही अडचण दूर करण्याचे साधन पॉझिट्रॉन-उत्सर्जन चित्रणाच्या, म्हणजे पेट-तंत्राच्या, रूपाने उपलब्ध झाले. या पद्धतीत ग्राहीला चिकटणाऱ्या एखाद्या द्रव्यात किरणोत्सर्गी समस्थानिक गुंफून ते अत्यल्प प्रमाणात शिरेतून टोचले जाते. समस्थानिकातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडला की दोन्ही नष्ट होतात, आणि परस्परविरुद्ध दिशांनी दोन गॅमा किरण बाहेर पडतात. डोक्याभोवतीच्या कड्यातील संवेदक ते एकाच क्षणी टिपतात, आणि अशा लक्षावधी नोंदींवरून द्रव्य मेंदूत कोठे साठले आहे याचा नकाशा तयार होतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हेन्री वॅग्नर यांनी १९८३ मध्ये स्वतःच्याच मेंदूतील डोपामिन-ग्राहींचे असे चित्र घेतले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्दे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅक्लोप्राइड नावाच्या द्रव्यात कार्बन-११ गुंफून याच चित्रणाला निश्चित मोजमापाचे स्वरूप दिले.

औषधाचा परिणाम मोजण्याची युक्ती साधी आहे. ग्राही औषधाने आधीच व्यापलेले असतील, तर टोचलेल्या अनुरेखक द्रव्याला बसायला जागा कमी मिळते. संदेश जितका मंद, तितकी औषधाची व्याप्ती अधिक. ज्या भागात हे ग्राही जवळजवळ नसतात तो अनुमस्तिष्काचा भाग तुलनेसाठी घेतला जातो. म्हणजे औषध स्वतः चित्रात दिसतच नाही. दिसते ती त्याने इतरांना नाकारलेली जागा. व्याप्ती ही पाहिलेली वस्तू नसून दोन मापांच्या गुणोत्तरावरून काढलेली राशी आहे, ही गोष्ट या संशोधनाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये.

फार्दे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २२ रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. या रुग्णांना रासायनिक दृष्ट्या भिन्न अशी ११ औषधे नेहमीच्या मात्रेत चालू होती. रचना भिन्न, मात्रा भिन्न, कंपन्या भिन्न. तरीही डी-२ ग्राहींची व्याप्ती ६५ ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यातच आढळली. ३५ वर्षांहून अधिक काळ डॉक्टर रुग्णाकडे पाहून अंदाजाने मात्रा ठरवीत आले होते. त्या अंदाजाच्या मुळाशी एक मोजता येणारी राशी होती, हे प्रथमच सिद्ध झाले. १९९२ मध्ये याच गटाने दाखविले, की जुन्या औषधांनी होणारी व्याप्ती ७० ते ८९ टक्के असते, आणि ज्यांना स्नायूंचा ताठरपणा, कंप असे दुष्परिणाम होतात त्यांच्यात ती अधिक असते. उलट क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णांत ती केवळ ३८ ते ६३ टक्के असते.

या परंपरेतील सर्वांत नेटका प्रयोग टोरांटोच्या शितिज कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांचा होय. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रथमच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉलची दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम एवढीच मात्रा देण्यात आली, आणि कोणाला किती दिली हे रुग्णाला वा परीक्षकाला ठाऊक नव्हते. व्याप्ती ६५ टक्क्यांच्या वर गेली की सुधारणेचा संभव वाढतो. ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. आणि ७८ टक्क्यांच्या वर स्नायूंचे दुष्परिणाम दिसू लागतात, असे त्यांना आढळले. गुण आणि अपाय यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे, आणि ती कोठून कोठवर जाते, हे या आकड्यांनी दाखविले.

या आकड्यांचे व्यावहारिक महत्त्व समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. समजा, एखाद्या औषधाच्या एका मापाने निम्मे ग्राही व्यापले जातात. मात्रा दुप्पट केली तर ६७ टक्के व्यापले जातील, चौपट केली तर ८०, आणि नऊपट केली तर ९०. पहिल्या मापाने जे साधले त्याच्या तुलनेत शेवटच्या पाच मापांनी जेमतेम दहा टक्क्यांची भर पडते. आणि ती भर नेमकी दुष्परिणामांच्या प्रदेशात पडते. दिवसाला अवघी २ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या सात रुग्णांत ५३ ते ७४ टक्के व्याप्ती आढळल्याचे कपूर यांच्या गटाने १९९६ मध्येच दाखविले होते. १९७० व १९८० च्या दशकांत याच औषधाच्या कित्येक दशक मिलिग्रॅमच्या मात्रा दिल्या जात. त्या काळातील रुग्णांच्या अंगाचा ताठरपणा व चेहऱ्याची निर्विकारता यांपैकी किती भाग रोगाचा होता आणि किती औषधाचा, हा प्रश्न या मोजमापाने अस्वस्थ करणाऱ्या स्वरूपात पुढे आणला. मेंदू-चित्रणाची सर्वांत निर्विवाद कामगिरी हीच, की तिने औषधाची मात्रा कमी करण्यास शास्त्रीय आधार दिला.

४

तथापि याच कामगिरीची मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्राही व्यापले जाणे आणि रुग्ण बरा होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वोल्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये औषधाने सुधारलेल्या व न सुधारलेल्या रुग्णांची तुलना केली. दोन्ही गटांत ग्राहींची व्याप्ती सारखीच होती. ज्या रुग्णाला औषध लागू पडत नाही, त्याच्या मेंदूत ते पोहोचत नसेल अशी जी समजूत होती, ती यामुळे ढासळली. औषध पोहोचले होते, आपल्या जागी बसले होते, आणि तरीही आवाज थांबले नव्हते.

शिवाय ६५ टक्क्यांचा उंबरठा सर्व औषधांना सारखा लागू होत नाही. क्लोझापिन हे त्या उंबरठ्याच्या खाली राहूनही, इतर औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांत गुण देते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने केवळ ४ टक्के. क्वेटियापिनची व्याप्ती गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी ६० टक्क्यांच्या आसपास असते आणि बारा तासांनी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणजे चित्र केव्हा घेतले यावर उत्तर अवलंबून राहते. उलट ॲरिपिप्राझोल ९० टक्क्यांहून अधिक ग्राही व्यापते, तरी ताठरपणा क्वचितच येतो. कारण ते ग्राही पूर्णपणे बंद न करता त्याला अंशतः चालनाही देते. व्याप्तीच्या आकड्यात जागा अडवणारा आणि जागेवर बसून थोडे काम करणारा यांतील भेद दिसत नाही.

पद्धतीच्या काही उणिवाही येथे नोंदल्या पाहिजेत. औषध आधीपासून घेत असलेल्या रुग्णाची औषधापूर्वीची स्थिती मोजलेली नसते. ती औषध न घेतलेल्या अन्य व्यक्तींच्या सरासरीवरून गृहीत धरावी लागते. मोजमाप मुख्यतः स्ट्रायेटम या खोलवरच्या भागात होते, कारण तेथे डी-२ ग्राही विपुल आहेत. मेंदूच्या बाह्यकात ते विरळ असल्याने रॅक्लोप्राइड तेथे उपयोगी पडत नाही. मात्र जेथे मोजता येते तेथेच रोग असला पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही. आणखी एक अडचण केवळ व्यावहारिक असली तरी परिणामाने मोठी आहे. कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटांचा असतो, त्यामुळे तो रुग्णालयाच्या आवारातच तयार करावा लागतो. साहजिकच हे संशोधन स्टॉकहोम, टोरांटो, लंडन, बाल्टिमोर अशा मोजक्या शहरांत एकवटले, आणि रुग्णसंख्या दहा-वीसच्या घरातच राहिली. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळ येथे सुरू झाला तो २००२ मध्ये. बावीस माणसांवरून काढलेला उंबरठा पाठ्यपुस्तकांतून मानवजातीचा उंबरठा म्हणून वावरतो, तेव्हा अभ्यासकाने थोडे थबकावे हे बरे.

५

आता दुसरा प्रश्न : रोगाचे मूळ कोठे आहे? या बाबतीत चित्रणाचा पहिला अध्याय फसला, असेच म्हणावे लागते. १९८६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डीन वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे जाहीर केले, की कधीही औषध न घेतलेल्या दहा रुग्णांच्या मेंदूत डी-२ ग्राही निरोगी व्यक्तींहून पुष्कळच अधिक आहेत. चार वर्षांनी फार्दे यांच्या गटाने औषध न घेतलेले १८ रुग्ण व २० निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. त्यांना फरक आढळला नाही. दोन्ही प्रयोगशाळा नामांकित, दोन्ही पद्धती काटेकोर. मग विरोध का? एकाने वापरलेले अनुरेखक द्रव्य रॅक्लोप्राइडहून वेगळ्या गुणधर्माचे होते व अन्य प्रकारच्या ग्राहींनाही चिकटत होते. गणिताचे नमुनेही भिन्न होते. एकाच वस्तूची दोन चित्रे निघाली, कारण दोन्ही चित्रे वस्तूची नसून वस्तू आणि साधन यांच्या संयोगाची होती. या वादाचा धडा कोणत्याही निष्कर्षाहून अधिक मोलाचा आहे.

दुसरा अध्याय अधिक फलदायी ठरला, आणि त्यात औषध हे उपचाराऐवजी पृच्छेचे साधन बनले. ॲम्फेटामिन हे द्रव्य मज्जापेशींतून डोपामिन बाहेर लोटते. मार्क लारुएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले, की औषध न घेणाऱ्या रुग्णांत ॲम्फेटामिनने बाहेर पडणारे डोपामिन निरोगी व्यक्तींहून अधिक असते. अनिसा अबी-दरघाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये उलट प्रयोग केला : डोपामिनची निर्मिती तात्पुरती थांबवून किती ग्राही मोकळे होतात ते मोजले. निरोगी व्यक्तींत सरासरी ९ टक्के ग्राही डोपामिनने व्यापलेले निघाले, रुग्णांत १९ टक्के. किरणोत्सर्गी डोपा वापरून केलेल्या अनेक अभ्यासांनीही डोपामिनची निर्मिती वाढल्याचे सुचविले. सारांश, दोष ग्राहींच्या संख्येत नसून, डोपामिन बनवणाऱ्या व सोडणाऱ्या पेशीच्या टोकाशी आहे, असा निष्कर्ष हळूहळू दृढ झाला.

या निष्कर्षाचा एक अर्थ असा होतो, की प्रचलित औषधे बिघाडाच्या जागी कामच करीत नाहीत. पूर नदीला वरच्या अंगाला येतो; औषध खालच्या गावाची वेस बंद करते. गाव वाचते हे खरे, पण पूर ओसरत नाही. किंबहुना ग्राही दीर्घकाळ अडवून ठेवल्यास त्यांची संख्या वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे औषध एकाएकी बंद केले असता पुराचा जोर अधिकच जाणवण्याचा संभव असतो.

परंतु येथेही सर्व रुग्णांना एकाच मापाने मोजता येत नाही. लंडन येथील देमजाहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये औषध लागू न पडलेल्या रुग्णांत डोपामिनची निर्मिती मोजली. औषधाने सुधारलेल्या रुग्णांत ती वाढलेली होती. न सुधारलेल्यांत ती निरोगी व्यक्तींइतकीच होती. १९८९ चे वोल्किन यांचे निरीक्षण आणि हे निरीक्षण शेजारी ठेवले असता एक सुसंगत अर्थ निघतो : या रुग्णांत ग्राही व्यापले जातात, पण लक्षणांचे मूळच डोपामिनच्या अतिरेकात नसावे. छिन्नमनस्कता या एका नावाखाली एकाहून अधिक विकार नांदत असावेत, ही जुनी शंका अशा रीतीने मोजमापाच्या पातळीवर आली. मात्र हे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. रुग्ण व निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका व्यक्तीच्या चित्रावरून तिच्या रोगाचे निदान करता येत नाही.

६

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. लंडनजवळील नॉर्थविक पार्क येथे ईव्ह जॉनस्टन, टिमथी क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये क्ष-किरणांच्या संगणकीय छेदचित्रांवरून दाखविले, की दीर्घकालीन रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुंदावलेल्या असतात. रोगाचा ठसा मेंदूच्या घडणीवर उमटतो, याचा तो पुरावा मानला गेला. परंतु अमेरिकेतील आयोवा येथे हो, नॅन्सी अँड्रियासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २११ रुग्णांची चुंबकीय अनुस्पंदन चित्रे सरासरी सात वर्षे पुनःपुन्हा घेतली, आणि २०११ मध्ये असे नोंदविले की ज्यांना औषध अधिक प्रमाणात मिळाले त्यांच्यात मेंदूच्या ऊतीची घट अधिक होती. मग पूर्वी जो रोगाचा ठसा मानला गेला त्यात औषधाचा वाटा किती?

निरीक्षणात्मक अभ्यासातून याचे उत्तर मिळणे कठीण असते. ज्याचा रोग अधिक तीव्र त्यालाच औषध अधिक दिले जाते, आणि कारण कोणते व सहचर कोणता हे ओळखता येत नाही. यासाठी प्रयोगांकडे वळावे लागते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी मकाक माकडांना दीड ते सव्वादोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिल्यावर मेंदूचे वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले. येथे रोग नव्हताच. त्यामुळे घट औषधाचीच मानावी लागते. तथापि त्याच मेंदूंतील पेशींची गणना केली असता घट प्रामुख्याने मज्जापेशींत नसून त्यांना आधार देणाऱ्या पेशींत आढळली. दुसरीकडे, २०१० च्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना हॅलोपेरिडॉल दिल्यावर दोन तासांच्या आत स्ट्रायेटमचे मोजलेले आकारमान घटले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाले. दोन तासांत पेशी मरून दुसऱ्या दिवशी पुन्हा जन्माला येत नाहीत. म्हणजे आकारमानातील बदल हा नेहमीच नाशाचा पुरावा नसतो.

या सर्वांतून 'औषधे मेंदू झिजवतात' अशी जी घोषणा केली जाते, ती पुराव्याच्या पलीकडे जाणारी आहे. आणि 'झीज रोगाचीच असते, औषधाचा काही संबंध नाही' हे आश्वासनही तितकेच अपुऱ्या आधारावर उभे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, भ्रमयुक्त नैराश्यातून सावरलेल्या रुग्णांपैकी ज्यांना ओलान्झापिन चालू ठेवले त्यांच्या बाह्यकाची जाडी, औषधरहित गोळी दिलेल्यांच्या तुलनेत, काहीशी घटली. परंतु औषध बंद करण्याची किंमतही मोजली गेली आहे. लॉइश्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले तेव्हा, वर्षभरात औषध चालू असलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांना, आणि ते थांबवून औषधरहित गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना रोग पुन्हा उलटला होता. बाह्यकाच्या जाडीतील मिलिमीटरचा अंश एका पारड्यात आणि पुन्हा उलटलेला रोग दुसऱ्या पारड्यात, अशी ही तुलना आहे. चित्राला फक्त पहिले पारडे दिसते.

७

या क्षेत्रातील नव्या अभ्यासाची परीक्षा करताना चार गोष्टी विचारल्या पाहिजेत, असे वरील विवेचनावरून दिसून येईल. मोजले ते औषध की रोग? रुग्णांनी पूर्वी औषध घेतले होते काय? आकडा गटाच्या सरासरीचा आहे की व्यक्तीविषयी काही सांगतो? आणि वेगळे अनुरेखक द्रव्य किंवा वेगळे गणित वापरले असते, तरी उत्तर तेच आले असते काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चित्राच्या रंगांत सापडत नाही. ते लेखाच्या पद्धतिविषयक परिच्छेदातच शोधावे लागते.

याखेरीज एक व्यापक आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. डी-२ व्याप्ती हे माप जुन्या औषधांच्या अभ्यासातून निघाले. पुढे नवी औषधे शोधताना तेच माप कसोटी म्हणून वापरले गेले. साहजिकच कसोटीला उतरलेली औषधे जुन्यांचीच भावंडे निघाली, आणि त्यांच्या यशाने कसोटी अधिकच प्रमाणभूत वाटू लागली. या वर्तुळातून बाहेर पडण्यास फार काळ लागला. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये झॅनोमेलिन व ट्रॉस्पियम यांच्या संयुक्त औषधाला छिन्नमनस्कतेसाठी मान्यता दिली. ते डोपामिनचे ग्राही अडवीत नाही. ॲसिटिलकोलिनच्या मस्करिनी ग्राहींना चालना देते. व्याप्तीचा ६५ टक्क्यांचा उंबरठा त्याला लावताच येत नाही. हे औषध दीर्घकाळच्या अनुभवाला कितपत उतरते हे पुढे दिसेल. पण कसोटीबाहेरही मार्ग असू शकतो, एवढे त्याने आताच सिद्ध केले आहे.

याचा अर्थ व्याप्तीचे संशोधन निरर्थक होते असा मुळीच नव्हे. ज्या रुग्णाला पुरेशी मात्रा पुरेसा काळ देऊनही गुण येत नाही, त्याच्या बाबतीत मात्रा आणखी वाढवणे हा मानसचिकित्सेतील जुना परिपाठ होय. त्याचे ग्राही बहुधा आधीच व्यापलेले आहेत, वाढीव मात्रेने ताठरपणा वाढेल पण आवाज थांबणार नाहीत, आणि क्लोझापिनसारख्या वेगळ्या औषधाचा विचार वेळीच केला पाहिजे, हे सांगण्याचा अधिकार या संशोधनाने निश्चितपणे मिळवला आहे. असा निर्णय घेण्यासाठी त्या रुग्णाचे चित्र काढण्याचीही गरज नाही. स्टॉकहोम व टोरांटो येथे मोजले गेलेले आकडे जिल्ह्याच्या रुग्णालयातील डॉक्टरालाही तेवढेच उपयोगी पडतात. मेंदू-चित्रणाने रोगाचे रहस्य अद्याप उलगडलेले नाही. मात्र न सुधारणाऱ्या रुग्णावर मात्रेमागून मात्रा लादण्याचे समर्थन यापुढे अज्ञानाच्या आधारे करता येणार नाही, अशी व्यवस्था त्याने करून ठेवली आहे.